मॅच परगावी आहे

क्रिकेटचा विषय निघाला की सोलापूरकर माणूस खुर्चीत जरा सरसावून बसतो. पॉली उम्रीगर 1926 साली आमच्या गावात जन्मले. पुढे ते वाढले कुठे, खेळले कुणाकडून, हा तपशील आम्ही फारसा लांबवीत नाही. मोठ्या माणसाने जन्म आपल्या गावात घेतला की गावाचे काम भागते. बाकीचे आयुष्य त्याने खुशाल कुठेही काढावे. फुटबॉलचा विषय निघाला म्हणजे मात्र आम्ही घाईघाईने चहा मागवतो.

सोलापुरात फुटबॉल नाहीच, असे कुणी समजू नये. शाळांच्या पटांगणांत, रेल्वेच्या आणि पोलिसांच्या मैदानांवर चेंडू लाथाडला जातो आणि शेजारच्या काचाही वेळच्या वेळी फुटतात. पण तिकीट काढून आत जावे, घसा बसेपर्यंत ओरडावे, आणि आपली टीम हरली म्हणून रात्री ताटावरून उठावे, अशा दर्जाची मॅच पाहायची तर गाव सोडावे लागते. जगातल्या इतर गावांना फुटबॉलचे दोन प्रकार ठाऊक असतात, घरची मॅच आणि परगावची मॅच. आम्हांला एकच ठाऊक. आमची प्रत्येक मॅच परगावी असते. म्हणून परगावी मॅचला जाण्याचा बेत कसा आखावा, या विषयावर बोलण्याचा सोलापूरकराइतका अधिकार दुसऱ्या कुणाला नाही. बेत आखण्याचा, म्हणतो मी. प्रत्यक्ष जाण्याचा अधिकार निराळा.

बेताची सुरुवात बहुधा पार्क चौकात होते.

"काय बे, कोल्हापूरला फायनल आहे म्हणं. जायचं का?"

"जायचं की! त्यात काय इचारायचं?"

पहिल्या दिवशी बाराजण तयार असतात. त्यांत एक हिशेबनीस असतो. तो सिगारेटच्या पाकिटाच्या मागे खर्च मांडतो आणि बाराने भागतो. दुसरा टाइमटेबलवाला. त्याला गाड्यांच्या वेळा पाठ असतात. त्यांतल्या निम्म्या गाड्या मागेच बंद झालेल्या असतात, ही गोष्ट निराळी. तिसऱ्याची मावशी कोल्हापुरात असते. ही मावशी फार महत्त्वाची. तिच्या भरवशावर उतरण्याची, जेवणाची आणि तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची कलमे हिशेबातून उडवलेली असतात. आणि चौथा एक गृहस्थ प्रत्येक बेतात असतोच. तो काही बोलत नाही. सगळे ठरल्यावर एवढेच विचारतो, "पण बसायला मिळंल का?" या प्रश्नाने आजवर जितक्या मोहिमा मोडल्या असतील तितक्या दारूगोळ्याने मोडल्या नसतील.

दुसऱ्या दिवशी कुणाकडे सत्यनारायण निघतो. तिसऱ्या दिवशी मावशीच सोलापूरला येते. बाराचे सात होतात, सातांचे चार, आणि हिशेबनीस दर खेपेला नव्या आकड्याने भागत राहतो. भाज्य तेच आणि भाजक लहान झाला की भागाकार मोठा होतो, हे गणित शाळेत सुटत नाही त्यालाही इथे चटकन सुटते.

आता तुम्ही म्हणाल, कोल्हापूरच का? कारण महाराष्ट्रात फुटबॉलसाठी घरदार विसरावे असे ते गाव आहे. तिथे फुटबॉल हा पेठेच्या अब्रूचा मामला आहे. टीमांची नावे ऐका: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, दिलबहार तालीम. परका माणूस ही नावे ऐकून लंगोट आणि लाल माती शोधू लागतो. पण लाल मातीत घुमणारी मुले केव्हातरी चेंडूमागे धावू लागली आणि तालमींची नावे तशीच राहिली. शिवाजी तरुण मंडळ किंवा प्रॅक्टिस क्लब असली नावेही आहेत, पण गोष्ट तीच. शाहू स्टेडियमवर मॅच असली की निम्मे गाव आत आणि उरलेले बाहेर भांडत असते. अलीकडे तर आफ्रिकेतले खेळाडू या पेठांकडून खेळून गेले आहेत. समुद्र ओलांडून आलेला तो पोरगा एका पेठेसाठी शेजारच्या पेठेशी जिवावर उदार होऊन झुंजतो. परगावची मॅच म्हणतात ती खरी त्याची.

आणि कोल्हापूर काही लांब नाही. नकाशावर वीतभर. पण पूर्वी ही वीत तीन मापांनी मोजावी लागे. सोलापूरला आगगाडी 1860 साली आली, ती साडेपाच फूट रुंद रुळांवरून. 1897 साली बार्शी लाइट रेल्वे सुरू झाली, ती कुर्डुवाडीहून अडीच फुटी रुळांवर. हा अडीच फुटी रूळ 1906 साली पंढरपूरला आणि 1927 साली मिरजेला पोचला. मिरज ते कोल्हापूर गाडी 1891 पासूनच होती, पण ती मीटर गेजची. म्हणजे सोलापूरच्या माणसाने जवळच्या वाटेने कोल्हापूरला जायचे म्हणजे मोठ्या गाडीतून निघावे, कुर्डुवाडीला उतरून लहान गाडीत बसावे आणि मिरजेला उतरून मधल्या गाडीत बसावे. थोरली, धाकटी आणि मधली, अशा तीन जावांच्या संसारातून हा प्रवास होई. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा, वेळ वेगळी, आणि एकमेकींचे पटत नसे ते निराळेच. थोरलीला उशीर झाला म्हणून धाकटी थांबेल, याची हमी कोण देणार?

त्यांतल्या धाकटीबद्दल तर किती गोष्टी सांगतात. चालत्या गाडीतून उतरून बोरे वेचावीत आणि पुन्हा पळत येऊन आपलाच डबा गाठावा, ही त्यांतली एक. खरे-खोटे पांडुरंग जाणे. त्याला ठाऊक असणारच, कारण ती गाडी त्याच्या दारावरूनच जाई. कोल्हापूरचा फुटबॉल रंगात येतो तो थंडी-उन्हाळ्यात, म्हणजे माघी आणि चैत्री वारीच्या दिवसांत. त्या गर्दीत मॅचला निघालेला माणूस सापडला की चंद्रभागेत स्नान करून, कपाळाला बुक्का लावून आणि चुरमुऱ्याची पुडी घेऊन परत येण्याची शक्यता जास्त. घरी तेवढेच पुण्य पदरात पडे.

1971 साली मिरज-कोल्हापूर रूळ रुंद झाले. मधला अडीच फुटी टप्पा तुकड्या-तुकड्याने रुंद होत 2010 च्या सुमारास मोकळा झाला. तिन्ही जावा एका मापाच्या झाल्या. पण तोपर्यंत आमच्या गावात तीन पिढ्यांना "गाड्या जुळत नाहीत हो" हे वाक्य मातृभाषेसारखे येऊ लागले होते.

मुळात आपली टीम जिथे जाईल तिथे तिच्यामागे जायचे, ही कल्पना काढली कुणी? देवाच्या पालखीमागे जाणे आपल्याला माहीत आहे, लग्नाच्या वऱ्हाडातून जाणेही माहीत आहे. पण वऱ्हाडाला निदान पाय धुवायला पाणी मिळते. इथे समोरचे गाव आपल्याला शिव्या द्यायला तयार बसलेले असते आणि आपण पदरचे भाडे भरून त्या ऐकायला जातो.

या वेडाचा उगम शोधू गेले तर गाठ पडते ती आमच्याच धंद्यातल्या माणसांशी. इंग्लंडात लँकेशायर परगण्यात ब्लॅकबर्न नावाचे गाव आहे. विलायतेतले सोलापूरच म्हणा. गिरण्या, धुराडी, मागांचा खडखडाट. आपल्या पणजोबांच्या कमरेची धोतरे पुष्कळदा तिथल्याच मागांवर विणलेली असत. 1850 च्या कायद्याने तिकडच्या कापडगिरण्या शनिवारी दुपारी दोनला बंद होऊ लागल्या. शनिवारची दुपार मोकळी, हातात मजुरी, आणि दारात आगगाडी. एवढ्या तीन गोष्टी जमल्या की माणूस काहीतरी करतोच. ब्लॅकबर्नच्या माणसांनी फुटबॉल केला. 1883 साली ब्लॅकबर्न ऑलिंपिक नावाची टीम इंग्लंडच्या मानाच्या चषकाची अंतिम मॅच खेळायला लंडनला गेली. टीममध्ये विणकर होते, लोखंडाच्या भट्टीवरचे कामगार होते. समोर ईटन या सरदार-दरकदारांच्या शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांच्या दृष्टीने मॅच घरचीच. विणकरांनी 2-1 अशी जिंकली आणि त्यानंतर तो चषक कुठल्याच हौशी साहेबी टीमच्या हाती लागला नाही. साध्या माणसांनी परगावी जाऊन काय करता येते ते त्या दिवशी दिसले. पुढल्या वर्षापासून उत्तरेच्या गिरणगावांतले लोक स्वस्त भाड्याच्या गाड्या भरभरून लंडनला येऊ लागले आणि लंडनची वर्तमानपत्रे त्यांच्या पोशाखाला नाके मुरडू लागली. वऱ्हाड सुरू झाले होते.

आणि आमच्या सोलापुरात? आमचीही गिरणी जुनी. सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंगची स्थापना 1874 ची. भोंगा होता, धुराडे होते, 1860 पासून आगगाडीही होती. शनिवारची दुपार तेवढी नव्हती. अहो, रविवारच नव्हता! नारायण मेघाजी लोखंडे यांनी वर्षानुवर्षे झगडून मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळवून दिली, ती 10 जून 1890 ला. ब्लॅकबर्नचे विणकर चषक घेऊन घरी आले त्याला तेव्हा सात वर्षे झाली होती. सुटी मिळाल्यावरही त्या एका दिवसात दाढी, धुणे, आठवड्याचा बाजार, मुलांना सिद्धेश्वराचे दर्शन आणि गावाकडचे पत्र एवढे सगळे बसवायचे. त्यात नव्वद मिनिटांची जागा कुठून निघणार? कुणी म्हणतो सोलापूरच्या मातीत फुटबॉल नाही, तेव्हा मला मातीची कीव येते. मातीचा काय दोष? दोष घड्याळाचा.

आपल्या देशात परगावी मॅचला जाण्याची पहिली मोठी हकीगत कलकत्त्याची. 29 जुलै 1911. मोहन बागान विरुद्ध ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंट. इथे टीम घरची होती आणि माणसे परगावची. रेल्वेने खास गाड्या सोडल्या, नदीवरून बोटी भरून आल्या. पाटणा, आसाम, पूर्व बंगाल, कुठून कुठून लोक आले. एक-दोन रुपयांची तिकिटे पंधरापर्यंत चढली. साठ हजारांच्या वर जमलेल्या त्या गर्दीत बहुतेकांना मॅच दिसतच नव्हती. मग ज्यांना दिसत होती त्यांनी पतंग उडवले आणि पतंगावरून लांबच्यांना गोल कळवले. विचार करा, ढाक्याहून निघावे, गाड्या बदलाव्यात, उन्हात-पावसात उभे राहावे, आणि पाहून काय परत जावे, तर पतंग! मोहन बागान 2-1 ने जिंकली. अकरांपैकी दहाजण अनवाणी खेळले होते. ही अनवाण्याची गोष्ट जरा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. पतंग पाहून परतलेल्या त्या माणसांनी "मी तिथं होतो" हे वाक्य नातवंडांना ऐकवले असेल, आणि ते खोटे नव्हते. "पण बसायला मिळंल का?" असे त्या दिवशी सुदैवाने कुणी विचारले नाही.

आता सोलापूरकडे या. फुटबॉलच्या इतिहासात सोलापूरचे स्थान काय, असे विचाराल तर उत्तर आहे, प्लॅटफॉर्म नंबर एक. मी थट्टेने म्हणत नाही. मुंबईच्या रोव्हर्स कपाला त्या काळी फार मान. 1891 साली तो सुरू झाला आणि पुढे पंचेचाळीस वर्षे गोऱ्या पलटणींच्या कपाटातून बाहेर आला नाही. 1937 साली बंगलोर मुस्लिम्स या टीमने तो पहिल्यांदा देशी हातांत आणला. लक्षात घ्या, आणला तो बंगलोरहून मुंबईला येऊन. 1940 साली कलकत्त्याच्या मोहम्मेडन स्पोर्टिंगने नेला. आणि मग आले हैदराबाद सिटी पोलिस. 1950 ते 1954, सलग पाच वर्षे रोव्हर्स कप त्यांनी नेला. मुंबईकरांनी कप घासून-पुसून ठेवायचा आणि हैदराबादच्या पोलिसांनी येऊन जप्तीचा माल असल्यासारखा घेऊन जायचा, असा रिवाजच पडला. हैदराबादहून मुंबईची सरळ गाडी वाडी, सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड, पुणे अशी आमच्या दारावरूनच जाई. देशातली सगळ्यांत चांगली टीम घडत होती आमच्या उगवतीला आणि जिंकत होती आमच्या मावळतीला. मधे आम्ही "चाय गरम" म्हणत उभे.

या वाटेची आणखी एक गंमत आहे. 13 सप्टेंबर 1948 ला भारतीय फौज हैदराबादकडे निघाली, तेव्हा तिचा मुख्य हल्ला सोलापूरहूनच सुरू झाला. नळदुर्ग घेत फौज पुढे गेली आणि पाच दिवसांत कारवाई संपली. दोनच वर्षांनी हैदराबादच्या पोलिसांनी उलट मोहीम काढली, तीही सोलापूरवरूनच. फरक एवढाच, की आपल्या फौजेचे काम पाच दिवसांत झाले आणि त्यांच्या मोहिमेला पाच वर्षे खंड पडला नाही. शिवाय या दुसऱ्या मोहिमेत कुणी मेले नाही. राज्ये जोडायला फौज लागते, पण जोडलेली राज्ये एकमेकांना ओळखू लागतात ती अशा येण्या-जाण्याने. त्याचे श्रेय कुणी एका शाळामास्तराला दिले तर मी हरकत घेणार नाही.

कारण त्या टीमला घडवणारे सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षकच होते. पुढे ते भारताच्या टीमचे शिक्षक झाले आणि आपली पोरे घेऊन जगभर परगावच्या मॅचेस खेळत हिंडले. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियाला त्यांच्याच घरी 4-2 ने हरवले, त्यांत तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसूझाचे. भारत तेव्हा चौथा आला. आज चौथा म्हटले की आपण हळहळतो. तेव्हा आपण जगात चौथे होतो, हे सांगितले तरी आज पोरे विश्वास ठेवत नाहीत.

पण परगावी गेल्याच्या हकीगतीबरोबर परगावी न गेल्याची हकीगतही सांगितली पाहिजे, कारण ती तर आमच्या पार्क चौकाच्या फारच जवळची आहे. 1950 साली ब्राझीलला वर्ल्ड कप भरला. पात्रता फेरीतून आपल्या बाजूच्या इतर टीमांनी माघार घेतल्याने भारत चेंडूला पाय न लावता पात्र ठरला. गटात इटली, स्वीडन आणि पराग्वे. ब्राझीलवाले प्रवासखर्चाचा मोठा भाग उचलायलाही तयार होते. म्हणजे मावशी स्वतःहून तार करीत होती, की या, उतरा, जेवा! आणि आपण गेलो नाही. टीमच्या निवडीवरून मतभेद आहेत, सरावाला वेळ पुरत नाही, अशी कारणे फुटबॉल महासंघाने दिली. समुद्रावरचा लांबचा प्रवास होता. शिवाय त्या काळी आपल्या कारभाऱ्यांना ऑलिंपिक म्हणजे काशी आणि वर्ल्ड कप म्हणजे वाटेवरचे कुठलेसे देऊळ वाटे, हेही खरे.

पुढे लोकांनी या न जाण्याला एक झकास कारण शोधून काढले. आपली पोरे अनवाणी खेळायची, म्हणून आपल्याला खेळू दिले नाही! आजही दहांतले नऊजण तुम्हांला हेच सांगतील, आणि सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी येईल. पण दोनच वर्षांनी, 1952 साली, हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये आपले बरेच खेळाडू अनवाणीच उतरले होते. त्या थंडीत युगोस्लाव्हियाने 10-1 असे हरवले आणि बूट मग सक्तीचे झाले. 1952 ला जे पाय चालले ते 1950 ला का चालू नयेत? पण अनवाण्याची गोष्ट गोड आहे. तिच्यात गरिबी आहे, अभिमान आहे, आणि दोष दुसऱ्याचा आहे. "आमच्यात एकमत झालं नाही आणि तयारीला उशीर झाला" ही गोष्ट नातवंडांना कोण सांगणार? आमच्याकडची कडक भाकरी महिनाभर टिकते म्हणून आम्ही मिरवतो. न जाण्याची सबब पंचाहत्तर वर्षे टिकली आहे आणि अजून तिला बुरशी नाही.

त्या वर्षी न जाणारे आपण एकटेच नव्हतो. फ्रान्सने कळवले, की दोन मॅचेसची गावे एकमेकांपासून फार लांब आहेत. पोर्तो अलेग्रे आणि रेसिफे यांच्यात जवळजवळ तीन हजार किलोमीटर आहेत, तेव्हा त्यांचेही "गाड्या जुळत नाहीत हो" हेच. शेवटी सोळांपैकी तेराच टीमा आल्या. पण त्याच गटातल्या इटलीकडे पाहा. 4 मे 1949 ला तोरिनोची सगळी टीम विमान अपघातात गेली होती. एकतीस माणसे. देशाच्या टीमचा कणाच तो. खरे कारण म्हणतात ते याला. इटली घरी बसली असती तर कुणी बोट दाखवले नसते. पण ते गेले. विमानात बसण्याचे धाडस नव्हते म्हणून बोटीने गेले, दोन आठवडे. डेकवर सराव करताना चेंडू समुद्रात जात. स्वीडनकडून 3-2 ने हरले, पराग्वेला 2-0 ने हरवले आणि परत आले. जगज्जेते म्हणून गेले होते, पहिल्याच फेरीत आटोपले. पण 1950 च्या वर्ल्ड कपच्या पुस्तकात इटलीच्या नावापुढे आकडे आहेत. आपल्या नावापुढे आडवी रेघ आहे.

परगावची मॅच अवघड असते हे पुढे कायद्यानेही मान्य केले. 1965 साली युरोपातल्या स्पर्धांत नियम आला, की दोन्ही मॅचेस मिळून बरोबरी झाली तर परगावी केलेल्या गोलांना जास्त किंमत. सासरी ऐकून घेतलेला एक शब्द माहेरच्या दहा शब्दांइतका, हे आपल्या बायकांना कधीपासून ठाऊक होते. युरोपला ते कळायला 1965 उजाडले. 2021 मध्ये त्यांनी तो नियम काढून टाकला. आता प्रवास सोपे झाले, मैदाने सगळीकडे सारखीच झाली, घर आणि परगाव यांत पूर्वीइतके अंतर उरले नाही, असे त्यांचे म्हणणे. असेल. त्यांनी सोलापूर स्टँडवर रात्री दोनला गाडीची वाट पाहिलेली नाही.

अंतर किती असू शकते, हे रहीम मास्तरांच्या शेवटच्या प्रवासावरून कळते. 1962, जकार्ता, आशियाई खेळ. इस्रायल आणि तैवानला येऊ दिले नाही म्हणून आपल्या एका प्रतिनिधीने जाहीर नापसंती दर्शवली आणि सारी जकार्ता भारतावर उलटली. 4 सप्टेंबरला अंतिम मॅच, समोर दक्षिण कोरिया, आणि स्टेडियमवर लाखभर माणसे आपल्या नावाने ओरडणारी. जर्नैलसिंगांच्या डोक्याला टाके पडलेले, गोलरक्षक थंगराज नुकतेच आजारातून उठलेले. टीममध्ये गोव्याच्या मुळाचे, मुंबईकडून खेळणारे फॉर्च्युनॅटो फ्रँको होते, सिकंदराबादचे बलराम होते, बंगालचे चुनी गोस्वामी कप्तान होते. आणि बाकावर बसलेल्या मास्तरांना कॅन्सर झाला होता. न जाण्याला याहून सबळ कारण कुठले हवे? आमच्या बेतात तर नुसती सर्दी पुरते. पी. के. बॅनर्जींनी एक गोल केला, टाके पडलेल्या डोक्याने जर्नैलसिंगांनी दुसरा. 2-1. त्या लाखभर गर्दीत आपल्या बाजूने ओरडणारे एक छोटे टोळके होते, असे खेळाडू पुढे सांगत. ते होते पाकिस्तानच्या हॉकी टीमचे खेळाडू. परगावी गेले की शेजारी माणूस शेजाऱ्यासारखा वागतो तो असा. रहीम मास्तर 11 जून 1963 ला गेले. 2024 साली त्यांच्यावर 'मैदान' नावाचा सिनेमा आला तेव्हा आमच्या गावच्या कित्येकांना ते नाव पहिल्यांदा कळले. एके काळी त्यांची वाट आमच्या स्टेशनातून जात होती.

रोव्हर्स कप या शतकाच्या तोंडाशीच बंद पडला. सोलापूरच्या जुन्या गिरण्यांचे भोंगेही थांबले. शनिवार-रविवार आता पुष्कळांना मोकळा असतो, रूळ एका मापाचे झाले आहेत, आणि मंगळवेढा-सांगोला-मिरज रस्त्याने सकाळी निघालेला माणूस दुपारी जेवायला कोल्हापुरात पोचतो. गाड्या जुळत नाहीत हे आता म्हणता येत नाही. त्यामुळे आमच्या बेतांची मोठीच पंचाईत झाली आहे. नवी सबब आली आहे ती अशी: "घरीच टीव्हीवर दिसतंय की बे." मोठमोठ्या मॅचेस दिसतात, खरे आहे. पतंगापेक्षा कितीतरी स्वच्छ दिसतात. पण ढाक्याहून पतंग पाहायला गेलेल्या माणसाजवळ सांगायला जे होते ते टीव्हीवाल्याजवळ नसते. रिमोट हातात असलेल्या माणसाला नातवंडे विचारीत नाहीत, "मग पुढं काय झालं, आजोबा?"

तेव्हा माझे एवढेच सांगणे, की बेत आखणाऱ्यांनी फार आखू नये. बाराने भागू नये. जितके येतील तितक्यांनी भागावे. शेंगाची चटणी घ्यावी, कडक भाकरी घ्यावी, मावशीला एक फोन करावा आणि तिने न उचलला तरी निघावे. हरलेल्या टीमबरोबर परत येताना सांगोल्याच्या आसपास कुणीतरी भाकरी मोडतो, चटणीची पुडी फिरते, आणि पंचाने कसा घात केला याचे वर्णन सुरू होते. आणि तो चौथा गृहस्थ, बसायला मिळेल का विचारणारा, त्यालाही ओढून बरोबर न्यावे. त्याला खिडकीची जागा द्यावी.